घडण बदलणारी यंत्रे : टिफ्रॅकपासून खोडदपर्यंत

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 मध्ये पूर्णत्वास गेलेल्या टिफ्रॅक या संगणकात सुमारे 2,700 निर्वात नलिका होत्या आणि 40 बिटांचे 2,048 शब्द साठवणारी चुंबकीय कड्यांची स्मृती होती. काम बदलायचे झाले तरी या यंत्राच्या तारांना हात लावावा लागत नसे. स्मृतीत नवी आज्ञावली, म्हणजे क्रमाने पाळायच्या आज्ञांची यादी, भरली की तेच यंत्र दुसरे गणित करू लागे. स्मृतीतून आज्ञा आणायची, तिचा अर्थ लावायचा, ती पाळायची आणि पुढच्या आज्ञेकडे वळायचे, हा मूळ क्रम आजच्या मोबाइलमधील प्रोसेसरनेही सोडलेला नाही. या पद्धतीमुळे एकच यंत्र असंख्य कामांना उपयोगी पडते, पण प्रत्येक बारीकसारीक कृतीसाठी आज्ञांची ने-आण करण्यात वेळ आणि वीज खर्च होते. याउलट एकाच कामासाठी जोडलेले मंडल, म्हणजे सर्किट, ते काम फार वेगाने उरकते, मात्र दुसऱ्या कामाला निरुपयोगी ठरते.

या पेचातून वाट काढण्यासाठी त्याच वर्षी, 1960 मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठातील जेराल्ड एस्ट्रिन यांनी स्थिर संगणकाला बदलत्या मंडलांची जोड देण्याची कल्पना मांडली. तिला साजेशी चिप बाजारात यायला 25 वर्षे लागली. रॉस फ्रीमन यांच्या कल्पनेतून झायलिंक्स कंपनीने 1985 मध्ये आणलेल्या पहिल्या एफपीजीए चिपमध्ये 64 तार्किक ठोकळे होते. अशा ठोकळ्याच्या मुळाशी एक छोटा तक्ता असतो: चार तारांवरून येणाऱ्या शून्य-एकांच्या 16 शक्यता असतात, त्या प्रत्येकीचे उत्तर तक्त्यात आधीच लिहिलेले असते, आणि तक्त्यातील बिटे बदलली की ठोकळ्याचे कार्यच बदलते. ठोकळ्यांना जोडणाऱ्या वाटाही अशाच बिटांनी उघडतात किंवा मिटतात, त्यामुळे कारखान्यातून बाहेर पडलेल्या चिपचे मंडल वापरणाऱ्याला हवे तेव्हा नव्याने रचता येते.

महाराष्ट्रात या विचाराचा एक वेगळा आविष्कार पुण्यात दिसला. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1988 मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने 1991 मध्ये परम 8000 हा महासंगणक सादर केला. त्यात वापरलेल्या ब्रिटिश बनावटीच्या ट्रान्सप्युटर चिप्सचे अंतर्गत मंडल पक्के होते. पण प्रत्येक चिपला शेजारणींशी बोलण्यासाठी चार दुवे होते आणि त्या दुव्यांचे जाळे कामानुसार बदलता येत असे. परमविषयीच्या मराठी लेखनात अमेरिकेने भारताला क्रे महासंगणक नाकारल्याची कथा इतकी पुढे येते, की यंत्राचे हे खरे वैशिष्ट्य झाकले जाते.

एफपीजीएची कसोटी पाहणारे काम मात्र नारायणगावजवळील खोडद येथे होते. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या प्रेरणेने उभारलेल्या तेथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत, म्हणजे जीएमआरटीमध्ये, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना असून त्यांच्या 435 जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीच्या संकेतांची तुलना सतत करावी लागते. सुरुवातीच्या यंत्रणेत हे काम ठरावीक कामाच्या चिप्स करीत आणि एकावेळी 32 मेगाहर्ट्झ एवढाच वारंवारता-पट्टा हाताळला जाई. पुढे तेच काम साध्या संगणकांवरील आज्ञावलीकडे आले. 2017 च्या सुमारास पूर्ण झालेल्या नव्या यंत्रणेने 400 मेगाहर्ट्झचा पट्टा स्वीकारला, तेव्हा प्रत्येक संकेताचे सेकंदाला 80 कोटी नमुने घ्यावे लागले, आणि अँटेनामागे दोन याप्रमाणे 60 संकेत धरता ही संख्या सेकंदाला 4,800 कोटींवर गेली. हा लोंढा आज्ञा एकेक करून पाळणाऱ्या प्रोसेसरला पेलणारा नव्हता. म्हणून नमुने घेऊन त्यांची पाकिटे बांधण्याचे काम ‘रोच’ नावाच्या 16 मंडल-फलकांवरील एफपीजीए चिप्सकडे दिले गेले आणि जोड्यांचे गुणाकार ग्राफिक्स प्रोसेसरांवर सोपवले गेले. रोचची रचना एका दुर्बिणीपुरती नव्हती. बर्कलेतील आणि दक्षिण आफ्रिकेतील खगोलशास्त्रज्ञांनी ती मिळून विकसित केली होती, आणि तोच फलक वेगळे मंडल भरून वेगळ्या वेधशाळेत वापरता येई. लहान संस्थांसाठी याचे मोल चिपच्या वेगाहून अधिक आहे.

याच नूतनीकृत दुर्बिणीने नोंदवलेल्या पल्सार ताऱ्यांच्या ठोक्यांचा उपयोग करून भारतीय आणि युरोपीय गटांनी जून 2023 मध्ये अत्यल्प वारंवारतेच्या गुरुत्वीय लहरींच्या खुणा आढळल्याचे जाहीर केले.