उशाशी बसणाऱ्यांचा इतिहास

कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयाला जुनी माणसे आजही थोरला दवाखाना म्हणतात. मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभी राहिलेली ही वास्तू आधी आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल म्हणून ओळखली जाई. तिच्या दगडी बांधकामाविषयी आणि संस्थानी काळाविषयी वाचायला मिळते. राधानगरी-गगनबावड्याकडून रुग्णासोबत आलेले, खाटेशेजारी चादर अंथरून रात्र काढणारे माणूस मात्र त्या लिखाणात भेटत नाही. केसपेपर काढणे, औषधे आणणे, भांडे देणे, रात्र जागवणे ही कामे आपल्याकडे घरच्याच माणसाने करायची असतात. आपली आरोग्यव्यवस्था या श्रमावर उभी राहिली. पण त्या श्रमासाठी लागणारी माहिती पुरवणे हेही आपलेच काम आहे, असे तिने मानले नाही. ती माहिती शोधून काढली आणि वाटली, ती बहुतेक वेळा सोसणाऱ्यांनीच.

शुश्रूषा ही शिकायची विद्या आहे, हे या परिसराला नवे नाही. शेजारच्या मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे मिशन हॉस्पिटल 1894 साली उभे राहिले आणि तिथे परिचारिकांचे शिक्षणही सुरू झाले. पगारी शुश्रूषेला अशी शाळा मिळाली, पण घरी बिनपगारी शुश्रूषा करणाऱ्याच्या वाट्याला ती आली नाही. याची किंमत एका साध्या उदाहरणावरून कळते. कमरेखालची संवेदना गेलेल्या माणसाला चादरीची सुरकुती टोचत नाही, म्हणून तो हलत नाही. माकडहाडावर, टाचेवर आधी लालसर डाग दिसतो, मग कातडी फुटते आणि जखम हाडापर्यंत जाते. 1944 साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल इथे लुडविग गटमन यांनी अशा रुग्णांची दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नेम घातला आणि एरवी दगावणारी माणसे जगू लागली. या उपायाला महागडे यंत्र लागत नाही. लागतात दोन हात आणि हे दोन वाक्यांचे ज्ञान. हात घरोघरी होते, ज्ञान पोचले नव्हते.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांची हकीकत याच संदर्भात वाचायला हवी. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर त्यांचे पाय निकामी झाले. जगण्याची वाट त्यांना दाखवली ती बाबूकाका दिवाण यांनी, आणि तेही स्वतः चाकाच्या खुर्चीवरच होते. पुढे 1984 साली नसीमादीदींनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था कोल्हापुरात उभी केली आणि एकाकडून एकाला मिळालेले ते बळ अनेकांपर्यंत गेले. हाच क्रम इतरत्रही दिसतो. कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे जगन्नाथ वाणी पत्नीच्या स्किझोफ्रेनियाला वर्षानुवर्षे सामोरे गेले आणि त्यातूनच पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी राहिली. ब्रिटनमध्ये आईवडिलांसाठी काम सोडलेल्या मेरी वेब्स्टर यांनी 1963 साली वर्तमानपत्रांना पत्र लिहिले आणि दोनच वर्षांत अशा अविवाहित लेकींची संघटना बांधली गेली.

यावर कुणी म्हणेल, एकत्र कुटुंबात ही विद्या होतीच. आजीला सगळे ठाऊक असे. बाळंतपण, ताप, मोडलेला हात यांपुरते ते खरे आहे. पण स्मृतिभ्रंश किंवा अर्धांगवायू झालेले माणूस दहा-पंधरा वर्षे सांभाळायचे, तर आजीचा अनुभवही अपुरा पडतो. शिवाय एकत्र कुटुंबातही राबणारे हात सगळ्यांचे नव्हते, सुनेचे किंवा विधवा आत्याचे होते. तो भार आजही तसाच विभागलेला आहे. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत घरातल्यांची बिनपगारी काळजी घेणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी 134 मिनिटे त्यासाठी देत होत्या, तर असे पुरुष 76 मिनिटे.

दुसरा आक्षेप अधिक मनापासूनचा आहे: आईवडिलांची सेवा हे कर्तव्य, त्यात सरकारने कशाला यायचे? पण कर्तव्य सांगायला सरकार केव्हाच घरात आले आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्याने मुलांवर निर्वाहाची जबाबदारी टाकली. ती पार कशी पाडायची हे सांगणारे कुणी नसेल, तर मायेचे माणूसही थकून चिडते आणि त्या चिडीचा त्रास अंथरुणावरच्यालाच होतो. म्हणून मदत दिल्याने कर्तव्य पातळ होत नाही, ते निभावते. दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्याने आणि मानसिक आरोग्याच्या 2017 च्या कायद्याने मोबदल्याविना काळजी घेणाऱ्या नातेवाइकाला ‘काळजीवाहका’च्या व्याख्येत जागा दिली. इतक्या पिढ्यांनंतर त्याला कागदावर नाव मिळाले. आता ते नाव दवाखान्याच्या रोजच्या कागदांत उतरायला हवे. रुग्णाला घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर औषधे आणि पुन्हा दाखवायची तारीख लिहिली जाते. त्याच कार्डाची मागची बाजू कोरी असते. कूस कधी बदलायची, लाल डाग कुठे शोधायचा, अडल्यास कुणाला विचारायचे आणि सांभाळणाऱ्याने स्वतः कधी विसावायचे, एवढे तिथे सहज मावेल.