परदेशगमन : मागील पिढ्यांचे अनुभव आणि आपले कर्तव्य

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत प्रतिवर्षी काही पृष्ठे गुणगौरवासाठी राखलेली असतात. त्या पृष्ठांवर परदेशी गेलेल्या तरुण-तरुणींची छायाचित्रे अलीकडे वाढत चालली आहेत, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. ती पाहून आम्हांस आनंद होतो. परंतु ज्याने सारे आयुष्य शाळेत घालविले, त्याच्या मनात एक प्रश्न उभा राहिल्यावाचून राहत नाही. जाणाऱ्याचा सत्कार करणारे हात पुष्कळ आहेत. परंतु जाण्यापूर्वी त्याच्याजवळ बसून चार गोष्टींचा शांतपणे विचार करणारे कितीजण आहेत? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस इतिहासाची काही पाने चाळावीशी वाटली. ती ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहोत.

एके काळी समुद्र ओलांडणे हेच पातक मानले जाई. बौधायनाच्या धर्मसूत्रात समुद्रप्रवासाची गणना पातकांत केलेली आहे. तरीही प्रसंग पडला तेव्हा माणसे गेलीच. इ. स. १७८१ साली रघुनाथराव पेशव्यांचे वकील हनुमंतराव इंग्लंडात पोहोचले. त्यांना आपल्या आचाराप्रमाणे अन्न शिजविता यावे, म्हणून एडमंड बर्क या थोर वक्त्याने आपल्या घरच्या आवारात स्वतंत्र जागा दिली. परक्या देशात पहिली अडचण राजकारणाची आली नाही, ती चुलीची आली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

यानंतर शंभर वर्षांनीही ज्ञातीचा कटाक्ष कायम होता. १८८८ साली मोहनदास गांधी बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस निघाले, तेव्हा त्यांच्या मोढ वाणी ज्ञातीच्या मुंबईतील पंचांनी त्यांना बहिष्कृत केले, आणि जो कोणी त्यांना साहाय्य करील वा निरोप देण्यास बंदरावर जाईल त्यास सव्वा रुपया दंड ठरविला. ज्या नातलगाकडे प्रवासाचे पैसे ठेवले होते, त्याने ज्ञातीच्या भयाने ते देण्याचे नाकारले. अखेरीस एका स्नेह्याकडून उसने घेऊन त्यांनी प्रस्थान केले. परत आल्यावर नाशिकक्षेत्री गोदास्नान झाले, राजकोटास ज्ञातिभोजन झाले, तरी ज्ञातीत दोन तट राहिलेच.

ही हकीकत सांगण्यात कोणत्याही ज्ञातीस नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. त्या काळी बहुतेक सर्वांची रीत हीच होती. आम्हांस दाखवावयाचे आहे ते निराळेच. त्या वेळी ज्ञाती दंड करीत असे, आज ती शाल-श्रीफळ देते. परंतु जाणाऱ्याचा कागद काय म्हणतो, त्याची प्रकृती कशी आहे, परतीची वाट मोकळी आहे की नाही, हे विचारण्याचे काम तेव्हाही राहून गेले आणि आजही राहून जाते.

सुशिक्षितांच्या या गोष्टींहून मोठी गोष्ट आहे ती गरिबांच्या परदेशगमनाची. १८३५ साली मॉरिशस बेटावर गुलामगिरी बंद झाली आणि उसाच्या मळ्यांना मजूर हवे झाले. त्याच सुमारास हिंदुस्थानातून कराराने मजूर नेण्यास आरंभ झाला होता. १९२० पर्यंत साडेचार लाखांच्या वर माणसे त्या बेटावर उतरली. कलकत्ता व मद्रास यांच्याप्रमाणे मुंबई बंदरातूनही जहाजे जात, आणि त्यांत कोकणातील आपली मराठी माणसे होती. त्यांच्या करारात पाच वर्षांची मुदत असे आणि मजुरी महिना पाच रुपयांच्या आसपास. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याचा प्रघात होता. आरंभी मुदत संपल्यावर परतीचे भाडे मिळत असे. ती सवलत १८५० नंतरच्या दशकात काढून घेण्यात आली. जाताना दार उघडे होते, येताना मात्र ते आपल्या खर्चाने उघडावयाचे होते. म्हणूनच बहुसंख्य लोक तेथेच राहिले.

ही पद्धत बंद व्हावी म्हणून ज्यांनी कायदेमंडळात आवाज उठविला, ते आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले नामदार गोपाळ कृष्ण गोखले होत. १९१२ साली त्यांनी ही करारपद्धती सर्वस्वी रद्द करण्याचा ठराव मांडला. त्या दिवशी तो फेटाळला गेला. परंतु १९१७ साली ही भरती थांबली, आणि ते पाहण्यास नामदार हयात नव्हते.

त्या मजुरांच्या वंशजांनी काय राखले व काय गमावले, हेही पाहण्यासारखे आहे. गणेशचतुर्थीस तेथे सार्वजनिक सुटी असते, शाळांतून मराठी शिकविली जाते, आणि कोकणातील जाखडी तेथे ‘झाकरी’ या नावाने अद्याप नाचली जाते. परंतु घरात बोलण्याची भाषा बहुतेकांची क्रिओल झाली. बंदरावरील कारकुनाने जसे ऐकले तसे नाव लिहिले, बापाचे नाव हेच अनेकांचे आडनाव होऊन बसले, आणि मूळ गाव विस्मरणात गेले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या जुन्या नोंदवह्या जतन केलेल्या आहेत. आपल्या पणजोबांचे गाव कोणते, हे शोधण्यासाठी आज त्यांची पतवंडे तेथे येतात. एका नोंदीची किंमत केवढी असते, हे यावरून कळावे.

येथे आम्हांस आमचाही एक दोष कबूल केला पाहिजे. खेड्यातील शाळेत मूल दाखल होताना आईबापांस जन्मतारीख ठाऊक नसे. अशा वेळी १ जून ही तारीख लिहून मोकळे होण्याची रीत होती, आणि ती आम्हीही पाळली. त्या वेळी त्यात काही वावगे वाटले नाही. परंतु शाळेच्या दाखल्यावर एक तारीख, जन्मनोंदीवर दुसरी, नावाचे लेखन पारपत्रावर तिसरेच, अशी स्थिती झाली म्हणजे परक्या देशाच्या वकिलातीत किती हेलपाटे पडतात, हे पुढे आमच्याच विद्यार्थ्यांकडून ऐकण्याचा प्रसंग आला.

शिक्षणासाठी जाणाऱ्यांनी डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र अवश्य मनात आणावे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांनी श्रीरामपूर कॉलेजात भाषण करून आपण अमेरिकेस का जात आहोत, हे लोकांस सांगितले. वय अठराहून कमी! ज्ञातीच्या बहिष्काराची भीती त्यांनी बाळगली नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली. परंतु फिलाडेल्फियाची थंडी, नीट न पेटणारी शेगडी आणि अपुरा आहार यांनी मुळातच नाजूक असलेली प्रकृती खालावली. क्षयाने ग्रासून त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास निवर्तल्या. त्यांच्या धैर्यापुढे आमचे मस्तक नम्र होते. आणि म्हणूनच सांगावेसे वाटते की मुलामुलीचे गुणपत्रक जितक्या आस्थेने पाहावे, तितक्याच आस्थेने तेथील हवा, राहण्याची जागा, जेवणाची सोय व औषधोपचाराचा विमा पाहावा.

आणखी एक विषय नागरिकत्वाचा. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदी मनुष्य तेथील नागरिकत्वास पात्र नाही, असा निर्णय दिला. ज्यांना ते आधी मिळाले होते अशा कित्येकांचेही ते पुढे काढून घेण्यात आले. १९४६ साली ही बंदी उठली. १९७२ साली युगांडात इदी अमीनने तेथील आशियाई लोकांस ९० दिवसांत देश सोडण्यास फर्माविले. पिढ्यान्‌पिढ्या व्यापार केलेली कुटुंबे नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडली. यावरून परदेशी जाऊच नये, असा अर्थ कोणी काढू नये. आपला तेथील अधिकार कोणत्या कागदावर उभा आहे, हे प्रत्येकाने जाणावे, एवढाच अर्थ आहे. आपल्या १९५५ च्या कायद्याने परक्या देशाचे नागरिकत्व घेताच भारताचे संपते. पुढे मिळणारे परदेशस्थ भारतीयाचे ओळखपत्र येण्याजाण्यास उपयोगी पडते. परंतु त्यावर मतदान करता येत नाही व शेतजमीन विकत घेता येत नाही. गावच्या जमिनीत ज्यांचा जीव आहे, त्यांनी हे आधीच समजून घेतलेले बरे.

आता जी गोष्ट मनात अनेक वर्षे सलते आहे, ती सांगतो. १९९० नंतरची गोष्ट. वायरमनचे काम शिकलेला आमचा एक विद्यार्थी अरबस्तानाकडील एका देशी नोकरीस निघाला. दलालाने दिलेला इंग्रजी करार घेऊन तो आमच्याकडे आला. “गुरुजी, तेवढे वाचून सांगता का?” एवढेच तो म्हणाला. आम्ही पगाराचा आकडा वाचला, त्याच्या वडिलांस पेढा भरविला आणि सही करण्यास सांगितले. परतीचे भाडे कोणी द्यावयाचे, मुदतीपूर्वी काम सोडल्यास काय, या कलमांवर आमची नजर ठरली नाही. तेथे पोहोचल्यावर अरबीतील दुसराच कागद त्याच्यापुढे आला. पगार कमी झाला आणि पारपत्र मालकाच्या कपाटात गेले. तो परतला तेव्हा दलालाचे पैसे भागविण्यासाठी गहाण टाकलेली जमीन सुटण्यापलीकडे गेली होती. त्याने आम्हांस कधी बोल लाविला नाही. आजही भेटला म्हणजे तो वाकून नमस्कार करतो, आणि आम्हांस त्याच्या डोळ्यांस डोळा देववत नाही.

दोष दलालाचा होता खरा. परंतु १९८३ साली झालेल्या कायद्याने अशा दलालांस सरकारी नोंदणी आवश्यक केली होती. तुमच्या दलालाची नोंदणी आहे काय, एवढा एक प्रश्न आम्ही विचारला असता, तर कदाचित ती जमीन वाचली असती. मॉरिशसच्या मजुरास वाचता येत नव्हते; आम्हांस तर येत होते.

म्हणून आमची मंडळास नम्र सूचना आहे. ज्यांनी परदेशी काही वर्षे काढली आहेत अशा दोन-चार बांधवांनी व एखाद्या वकिलाने महिन्यातून एक दिवस मंडळाच्या कार्यालयात बसावे. जाऊ इच्छिणाऱ्याने करारपत्र, विद्यालयाचे पत्र, कर्जाचा हिशेब व जन्माचे दाखले घेऊन यावे. कर्ज फिटण्यास किती वर्षे लागतील, अडचण आल्यास परतीचे भाडे कोठून येईल, मागे राहणाऱ्या वृद्ध आईबापांच्या आजारपणात कोण धावून जाईल, मुलांच्या कानावर मराठी कोणत्या वेळी पडेल, या प्रश्नांची उत्तरे एका वहीत लिहून घ्यावीत. जाणाऱ्याचा पत्ता व मूळ गावही त्याच वहीत नोंदवावे. पुढे कोणा पतवंडास आपले गाव शोधावे लागले, तर त्यास परक्या देशाच्या दप्तरखान्यात जाण्याची पाळी येऊ नये.

जाणाऱ्यांनी जरूर जावे, यशस्वी व्हावे, आणि वाटेल तेव्हा परत यावे. त्यांचा सत्कार मंडळाने करावाच. मात्र शाल पांघरण्यापूर्वी एकदा त्यांचा कागद वाचावा. आम्हांकडून जे राहून गेले, ते मंडळाकडून घडो, एवढीच प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.