न पाहिलेला दरबार

छायाचित्र समोर ठेवून, कधींही न पाहिलेलें शहर रंगवून देण्याचें काम आजचा चित्रकार सहज पत्करतो. छायाचित्रणाची कला निघण्यापूर्वीं हेंच काम दुसऱ्याच्या रेखाटनांवरून करावें लागे. शनिवारवाड्यांतील दरबाराचें जें चित्र आपणांस इतिहासाच्या पुस्तकांतून वारंवार भेटतें, तें अशाच रीतीनें तयार झालें, हें मात्र फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

टिपूविरुद्धचा तह 1790 सालीं झाला. इंग्रजांचा पुण्यांतील वकील चार्ल्स मॅलेट यास तो प्रसंग चित्ररूपानें राखावयाचा होता. त्याचा चित्रकार जेम्स वेल्स मुंबईस उतरला 1791 त, व पुण्यास आला त्याच्या पुढल्या वर्षीं. म्हणजे दरबार भरला तेव्हां तोही हजर नव्हता! त्यानें सवाई माधवराव व नाना फडणीस यांस समोर बसवून तसबिरी काढल्या. तेव्हां चित्रांतील पेशव्यांचा चेहरा तहाच्या दिवसाचा, सोळा वर्षांच्या मुलाचा नव्हे. तो निदान दोन वर्षें नंतरचा समजावयास हवा. 1795 च्या ऑक्टोबरांत सवाई माधवराव गेले, आणि पुढल्याच महिन्यांत वेल्सही वारला. चित्र अपुरें राहिलें.

विलायतेस परतलेल्या मॅलेटनें 1799 सालीं वेल्सच्या मुलीशीं लग्न केलें, व सासऱ्याचें राहिलेलें काम टॉमस डॅनिएल याजकडे सोपविलें. डॅनिएलनें हिंदुस्थानांत सात वर्षें काढलीं होतीं. भिंगाच्या पेटींतून पडलेली आकृति कागदावर गिरवून घेण्याइतका तो अचूकपणाविषयीं दक्ष असे. 1793 त मुंबईस त्याची वेल्सशीं गांठही पडली. परंतु पुणें त्यानें पाहिलें नाहीं. वेरूळही त्यास अपरिचितच. तरी वेल्सच्या चित्रांवरून वेरूळचे 24 देखावे त्यानें 1803 त छापून काढले. दोन वर्षांनीं दरबाराचें तैलचित्र पुरें झालें.

या गृहस्थावर लबाडीचा आरोप करण्याचें कारण नाहीं. मृत मित्राच्या कागदांवरून जेवढें करितां येईल, तेवढें त्यानें केलें. प्रश्न आपला आहे. 1828 च्या आगींत वाड्याच्या इमारती भस्मसात झाल्या, आणि ज्यानें तो महाल पाहिलाच नाहीं त्याचें चित्र आपण साक्षीदार म्हणून उभें करितों. खांब, पडदे, बैठकी यांतील वेल्सनें टिपलेलें कोणतें व डॅनिएलनें जुळवून घेतलेलें कोणतें, हें वेल्सचीं रेखाटनें शेजारीं ठेवून पाहिल्यावांचून कोणी त्या महालाचें वर्णन लिहूं नये, असें मला वाटतें.

मूळ चित्र आज लंडनच्या टेट संग्रहांत आहे. शनिवारवाड्यांत महालांचीं जोतीं तेवढीं उरलीं आहेत.