धुळे शहराची नगररचना

खानदेशातील धुळे शहराचा आराखडा आणि नागरी सुविधांची वाटचाल. पांझरा नदीकाठी वसलेले धुळे हे महाराष्ट्रात इंग्रजी अमलात आखून वसवलेल्या पहिल्या शहरांपैकी एक होय. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे आल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने जिल्ह्याचे ठाणे म्हणून धुळे निवडले. मुंबई–आग्रा रस्त्यावर आणि जिल्ह्याच्या साधारण मध्यावर हे गाव होते.

त्या वेळचे धुळे म्हणजे नदी आणि पाटाच्या बेचक्यात अडकलेले, बागायतीने वेढलेले लहान गाव. 1819 मध्ये तेथे 401 घरे व 2509 माणसे होती. दाटीच्या जुन्या वस्तीला हात न लावता ब्रिग्जने शेजारी नवी पेठ आखली. घरांसाठी कायमच्या बिनभाड्याच्या जागा दिल्या, पक्की घरे बांधायला तगाई (सरकारी उचल) दिली, कचेऱ्यांच्या बांधकामासाठी दूरदूरचे कारागीर आणवले. ब्रिग्जला केवळ सरळ रस्ते नको होते. व्यापारी येऊन टिकले पाहिजेत, हा खरा हेतू होता, आणि तो साधला. 1872 पर्यंत लोकसंख्या बारा हजारांच्या पुढे गेली.

या आखणीची खूण पत्त्यांत उरली आहे. आग्रा रोडला समांतर गल्ल्यांना येथे नावे नव्हे, क्रमांक आहेत. ‘पाचव्या गल्लीत’ एवढे सांगितले की धुळेकराला पुरते. जुने धुळे आणि नदीपलीकडचे देवपूर हे भाग मात्र या शिस्तीबाहेर वाढले.

धुळ्याची रचना अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी केली, असे शहरात अभिमानाने सांगितले जाते. ते खरे नाही. 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात दाखल होऊन ते खानदेशात आले, तेव्हा गल्ल्या आखून सहा दशके उलटली होती. त्यांचे येथील खरे काम पाण्याचे: दातर्ती (ता. साक्री) येथे पांझरेच्या एका प्रवाहाखालून त्यांनी नळाची वक्रनलिका (सायफन) बसवली. पांझरेच्या खोऱ्यात बंधारे, पाट आणि फड (सामुदायिक सिंचनाची पद्धत) यांची जुनी परंपरा होतीच. तरुण अभियंत्याला शिकायला याहून चांगली जागा मिळाली नसती.

रस्त्यांच्या मानाने पाण्याची घडी नीट बसली नाही. नकाणे व डेडरगाव हे तलाव अपुरे पडू लागल्यावर तापीचे पाणी जलवाहिनीने आणावे लागले, पुढे पांझरेवरील अक्कलपाडा धरणाचा आधार घेण्यात आला. तरी रोज नळाला पाणी ही धुळेकरांची जुनीच मागणी राहिली. देवपुरातील भुयारी गटारीच्या कामाने रस्ते उखडले आणि दुरुस्ती रेंगाळली. पांझरेच्या दोन्ही काठांनी रस्ते झाले. नदीच्या पात्राला खेटून बांधणे कितपत शहाणपणाचे, हा वाद त्यांच्यासोबतच आला. 1872 च्या महापुराचा अनुभव असलेल्या गावात तो यायलाच हवा होता.

शेजारच्या जळगावाची गोष्ट वेगळी. ते रेल्वेमुळे वाढले. धुळ्याला मात्र चाळीसगावचा रेल्वे फाटा 1900 मध्ये मिळाला. 1906 मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे भाग झाले, तेव्हा जळगाव पूर्व खानदेशाचे ठाणे ठरले. महापालिकेची सतरा मजली इमारत ही त्या शहराची ओळख. पण भरवस्तीतून जाणाऱ्या महामार्गाला समांतर रस्ते मिळावेत म्हणून तेथील नागरिकांना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली. जळगावचे पिण्याचे पाणी मुख्यतः वाघूर धरणातून येते.

दोन्ही नगरपालिका 2003 मध्ये महानगरपालिका झाल्या. 2011 च्या जनगणनेनुसार धुळ्याची लोकसंख्या 3,75,559, तर जळगावची 4,60,228 होती.