माथेरानचे बंगले आणि डोक्यावरची चुंबळ

एरवी आपण या कार्यक्रमात बचत, कर्ज आणि हप्ते यांवर बोलतो. आज थोडा इतिहास बोलू या. आमच्या कामथडीच्या गटातल्या बारा जणी नुकत्याच एक रात्र माथेरानला राहून आलो. पुण्याहून कर्जत, तिथून लोकलने नेरळ आणि मग टॅक्सीने दस्तुरी नाका. त्याच्या पुढे मोटारगाडी जातच नाही. लाल मातीची वाट, दोन्ही बाजूंना दाट झाडी आणि झाडीत इंग्रजांच्या काळातले बंगले.

माथेरान म्हणजे माथ्यावरचं रान. पायथ्याचे ठाकूर, कातकरी आणि धनगर हे रान आधीपासून ओळखत होते. पण पुस्तकात माथेरान 'शोधलं' ते ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी, मे १८५० मध्ये. मुंबईच्या उकाड्याला कंटाळलेल्या साहेबांनी मग इथे घरं बांधली. पुढे श्रीमंत पारशी आणि बोहरी कुटुंबांचेही बंगले उभे राहिले. नेरळची छोटी गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. ती पीरभॉय कुटुंबाने बांधली.

सकाळी आम्ही बंगले बघत फिरलो. उंच जोतं, जांभ्या दगडाच्या भिंती, उतरतं छप्पर आणि घराभोवती रुंद व्हरांडा. कॅप्टन बार यांचं जुनं घर दुरुस्त होऊन आता हॉटेल झालं आहे. घरं सुंदर आहेत आणि ती जपली हे चांगलंच झालं. पण फाटकावरची नावं वाचताना आमच्यातल्या एकीने विचारलं, "एवढं सामान वर आणलं कुणी?"

गाडी १९०७ ची आणि घरं त्याच्या पन्नास वर्षं आधीची. म्हणजे खाट, कपाट, काचा, सगळं माणसांच्या खांद्यावरून नाहीतर जनावरांच्या पाठीवरून आलं. साहेब आणि मडमसुद्धा पालखीत बसून येत. नंतर हातरिक्षा आल्या. चढावर माणूस माणसाला ओढत होता. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळवून द्या. बंगल्यांची डागडुजी त्याआधीच झाली होती. माणसाच्या पाठीवरचं ओझं उतरायला मात्र दीडशेहून जास्त वर्षं लागली.

दस्तुरी नाक्यावर पाहुण्यांच्या बॅगा उचलणाऱ्या बायाही भेटतात. चुंबळीवर दोन-दोन बॅगा घेऊन त्या झपाझप चढतात. हंडा आणि पाटी वाहणाऱ्या आपल्याला ती चाल ओळखू येते. इतिहासाच्या फलकावर त्यांच्यासाठी ओळ नाही.

माथेरानचं आणखी एक नाव लक्षात ठेवा. भाई कोतवाल, जन्म १ डिसेंबर १९१२. केस कापणाऱ्या गरीब घरातला हा मुलगा वकील झाला आणि माथेरानच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष झाला. शेतकरी-आदिवासींना सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून त्यांनी धान्यकोठ्या काढल्या. सगळ्यांनी थोडं जमवायचं आणि अडलेल्याला द्यायचं. आपला बचत गट तरी दुसरं काय करतो? १९४२ च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीने ते हुतात्मा झाले. आम्हाला वाटतं, माथेरान बघायचं तर बंगल्यांसोबत ही कोठीही मनात ठेवून बघावं.

आता आपल्या भोर-वेल्ह्याकडे या. भाटघर धरण १९२८ मध्ये पुरं झालं. त्याला नाव दिलं लॉइड, मुंबईच्या गव्हर्नरचं. पण त्याचे दगड घडवले कुणी? पाट्या टाकल्या कुणी? गावं उठली तेव्हा चूल कुठे मांडली? भोरचा राजवाडा आपण बघतो, त्याच्या तुळया घाटातून ओढल्या कुणी? त्या माणसांच्या नातवंडं-पतवंडांतल्या काही जणी आज आपल्याच गटात बसत असतील.

म्हणून एक काम करू या. पुढच्या बैठकीला वस्तीतल्या सगळ्यांत वयस्कर आजीला बोलवा. गावातली चावडी, विहीर, देऊळ, धरण यांवर त्यांच्या घरातल्या कुणी काम केलं ते विचारा. त्या सांगतील ते नावासकट रजिस्टरच्या मागच्या पानांवर लिहा. कर्जाचा हिशोब आपण पै-पैचा ठेवतो. कष्टाचा हिशोबही ठेवू या, कारण आजी गेल्या की तो सांगणारं कुणी उरत नाही.