जिंकण्याची मुभा

आजोबांच्या गोष्टींत 1951 साल हमखास यायचं. त्या मार्चमध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या आणि भारतानं इराणला एका गोलनं हरवून फुटबॉलचं सुवर्णपदक पटकावलं. संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, पेशानं शिक्षक. आजोबा त्यांना ‘मास्तर’च म्हणायचे. “गोल पोरं मारतात रे, पण त्यांना तिथवर मास्तर आणून सोडतो,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

पुढच्याच महिन्यात, एप्रिल 1951 मध्ये, मुंबईत तेल कंपनीतल्या एका अमेरिकन अधिकाऱ्याच्या घरी मुलगा जन्मला. त्याचं नाव अ‍ॅन्सन डोरन्स. आजोबांना त्याची खबर असण्याचं कारण नव्हतं. हा दुसरा मास्तर आमच्या घरात आणला तो आत्यानं, पुष्कळ वर्षांनी आणि सातासमुद्रापलीकडून.

आत्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत वाढली. पेठेत कोण कुठल्या तालमीचा हे आडनावाआधी विचारलं जायचं. शाहू स्टेडियमवर तालमींची फुटबॉल मॅच असली की घरातले पुरुष दुपारची जेवणं उरकून निघायचे. आत्यानं फुटबॉल ऐकला तो माडीवरून: आधी लांबून येणारा गलका, मग गल्लीतल्या घोषणा, आणि रात्री भावांची पंगतीतली भांडणं. कुठल्या पोरानं कुठून पास दिला हे तिला तोंडपाठ असायचं, पण बॉलला पाय लावायची सोय नव्हती. लग्नानंतर ती नॉर्थ कॅरोलायनाला गेली. काकांचं ऑफिस रिसर्च ट्रँगल पार्कमध्ये, आणि तिथून जवळच चॅपल हिल हे विद्यापीठाचं गाव. तिथल्या फेत्झर फील्डवर तिनं मुलींची मॅच पहिल्यांदा पाहिली आणि मग ते मैदान तिनं सोडलंच नाही.

तिच्याकडून कळलेली त्या मुलींच्या प्रशिक्षकाची, डोरन्सची, कहाणी अशी. वडिलांच्या बदल्यांबरोबर पोरगा इथिओपिया, केनिया, सिंगापूर, बेल्जियम असा फिरला, स्वित्झर्लंडच्या निवासी शाळेत शिकला, आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात येऊन कॉलेजच्या संघातून खेळला. पुढे कायद्याचा अभ्यास करता करता 1977 मध्ये त्याच्याकडे मुलांच्या फुटबॉल संघाची सूत्रं आली. मुली तेव्हा हौशी क्लबात खेळत. आम्हालाही विद्यापीठाचा अधिकृत संघ द्या, अशी मागणी त्यांनी लावून धरली. शिक्षणात स्त्री-पुरुष भेदाला बंदी करणारा ‘टायटल नाइन’ कायदा 1972 मध्ये आला होता, त्याचं बळ त्यांच्या पाठीशी होतं. 1979 मध्ये संघ उभा राहिला आणि डोरन्सनं दोन्ही संघ सांभाळले. वकिली मागे पडली ती कायमची.

1983 मध्ये एप्रिल हाइनरिक्स ही खेळाडू संघात आली आणि सरावाला वेगळंच वळण लागलं. ही मुलगी सरावातही मैत्रिणींना बॉल सोडायची नाही, धडका द्यायची, प्रत्येक चुरस जिंकायची. बाकीच्या तक्रार घेऊन डोरन्सकडे गेल्या: तिला जरा आवरा. त्यानं तिला आवरलं नाही. चूक तिच्या जिद्दीत नाही, हे त्यानं ओळखलं. जिंकायची इच्छा उघड दाखवणं वाईट, मैत्रीत बसत नाही, हे या मुलींना लहानपणापासून शिकवलं गेलं होतं. मग त्यानं सरावच असा आखला की चुरस ही रोजची, सगळ्यांची गोष्ट व्हावी.

विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक डीन स्मिथ सरावातली प्रत्येक कृती टिपून ठेवत. डोरन्सनं ती पद्धत उचलली आणि आणखी पुढं नेली. धाव, हेडर, गोलवरचा फटका, एकास एक लढत, सगळ्याची नोंद व्हायची. मदतनीस वही-पेन्सिल घेऊन उभे. एकास एकमध्ये दोघी समोरासमोर, मध्ये एक बॉल, हुलकावणी द्यायची आणि पुढं निसटायचं. शिटी वाजली की निकाल कागदावर. नंतर पहिल्या क्रमांकापासून शेवटच्यापर्यंत यादी भिंतीवर, सगळ्यांना दिसेल अशी. या भट्टीला तो स्पर्धेची कढई म्हणायचा. आपला क्रमांक तळाला पाहणं सोपं नसतं. पण प्रशिक्षकाची मर्जी, घरची ओळख, गोड बोलणं यातलं काहीच त्या यादीला बदलू शकत नसे. पेठेत वाढलेल्या आत्याला हे फार भावलं. “तालमीत पण असंच की,” ती म्हणायची, “मातीत उतरल्यावर कोण कुणाचा मुलगा ते कोण बघतंय!”

1989 मध्ये संघात आलेल्या मिया हॅमची गोष्ट तर आत्या रंगवून सांगे. एका सकाळी डोरन्स गाडीतून जात असताना मैदानात एकटीच मुलगी जीव तोडून धावताना दिसली. थांबायची, वाकून धाप टाकायची, पुन्हा धावायची. ती मिया होती. तिला हाक न मारता तो पुढं गेला आणि नंतर चार ओळींची चिठ्ठी लिहून तिचं कौतुक केलं. कुणी पाहत नसताना घाम गाळणारा तोच खरा विजेता, असा त्या चिठ्ठीचा आशय.

निकाल तर जगासमोर आहेत. 1986 ते 1994 सलग नऊ राष्ट्रीय विजेतेपदं, 103 सामने अपराजित राहण्याची मालिका, एकूण 22 राष्ट्रीय विजेतेपदं, नऊशेहून अधिक विजय. याच काळात 1986 पासून अमेरिकेचा महिला संघही त्याच्याकडे होता. 1991 मध्ये चीनमध्ये महिलांचा पहिला विश्वचषक झाला. ग्वांगझूच्या अंतिम सामन्यात मिशेल एकर्सच्या दोन गोलांवर अमेरिकेनं नॉर्वेला 2-1 असं हरवलं. कर्णधार होती तीच हाइनरिक्स, जिला आवरायला सांगितलं गेलं होतं. अठरा जणींपैकी निम्म्या चॅपल हिलच्या.

या कारकिर्दीतला डागही आत्यानं आमच्यापासून लपवला नाही. 1998 मध्ये दोन माजी खेळाडूंनी त्याच्यावर लैंगिक छळाचा दावा लावला: मुलींच्या खासगी आयुष्याबद्दल त्यानं अशोभनीय बोलणं केलं, असा आरोप होता. छळाचा आरोप त्यानं नाकारला. प्रकरण वर्षानुवर्षं चाललं आणि 2008 मध्ये अखेरची तडजोड होऊन मिटलं. अनुचित गप्पांत आपण सामील झालो याबद्दल त्यानं माफी मागितली. आत्या यावर ठाम होती. मुलींना मोकळं मैदान देणाऱ्यानं त्यांचा आबही राखलाच पाहिजे, बावीस विजेतेपदांनी त्यात सूट मिळत नाही. मलाही तेच पटतं, आणि मुलींना शिकवणाऱ्या प्रत्येकानं हे प्रकरण मुळातून समजून घ्यावं असं वाटतं.

ऑगस्ट 2024 मध्ये, हंगाम तोंडावर असताना, डोरन्स निवृत्त झाला. जुन्या फेत्झर फील्डच्या जागी उभ्या राहिलेल्या मैदानाला आता त्याचंच नाव आहे. त्याचा सहायक डेमन नहास यानं सूत्रं घेतली आणि त्याच डिसेंबरात संघानं पुन्हा राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. मास्तर गेल्यावरही शिकवण चालू राहते का, हीच मास्तरची खरी परीक्षा. त्या परीक्षेत तो उतरला.

2022 मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना आपल्या नवी मुंबईत झाला. कोल्हापुरातही आता मुली बूट बांधून मैदानात उतरतात. त्यांना चांगली मैदानं हवीत, पैसा हवा, हे खरंच. पण आत्याच्या गोष्टींतून मला उमगलं ते असं की त्याआधी त्यांना जिंकावंसं वाटण्याची उघड मुभा हवी, आणि ती रोजच्या सरावात मिळायला हवी. त्यासाठी लागते एक शिटी, एक वही, भिंतीवर डकवायला एक कागद, आणि कुणाचीही भीड न ठेवता पण प्रत्येकीचा मान ठेवून मोजणारा माणूस. आपल्या कुठल्याही शाळेत हे उद्या सकाळपासून सुरू करता येईल.