जुनें चाक आणि नवा ब्रेक

जुनी वस्तु वापरांत ठेवावयाची तर तिच्यांत कांहीं तरी नवें घालावें लागतें. आणि नवें घातलें कीं ती वस्तु जुनी राहिली काय, असा प्रश्न उभा राहतो. रिद्धपुरास हा प्रश्न नवा नाहीं. श्रीचक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनीं तेराव्या शतकाच्या अखेरीस येथेंच एकत्र केल्या आणि लीळाचरित्र सिद्ध झालें. महानुभाव परंपरा असें सांगते कीं, मूळ पोथी पुढें धामधुमींत नाहींशी झाली व शिष्यांनीं ती स्मरणाच्या बळावर पुन्हां उभी केली. असें करतांना जेथें पाठांत फरक पडला तेथें त्यांनीं तो लपविला नाहीं; कोणाचा पाठ कोणता, हें नोंदवून ठेविलें. आज आम्ही हाच प्रश्न एका निराळ्या वस्तूस, म्हणजे जुन्या मोटारीस, लावून पाहणार आहों. पन्नास वर्षांपूर्वींच्या गाडीस, तिचीं मूळचीं चाकें राखून, नवे डिस्क ब्रेक बसवावे काय?

वऱ्हाडच्या सपाट काळ्या जमिनींत गाडी थांबविणें हें फारसें अवघड काम नव्हे. परंतु रिद्धपुराहून परतवाड्याकडे वळून चिखलदऱ्याचा घाट चढला, म्हणजे परतीच्या वाटेवर ब्रेकाची खरी परीक्षा होते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून ११०० मीटरांहून अधिक उंच आहे. माणसांसह दीड टन भरणारी गाडी सातशें मीटर खालीं उतरली तर तिच्यांतून जी शक्ति मोकळी होते, तिनें तीस-पस्तीस लिटर थंड पाण्यास उकळी फुटेल. यांतील कांहीं भाग वारा व इंजिन आपल्या अंगावर घेतात. उरलेल्याची उष्णता ब्रेकांत सांठते. ब्रेकाचा इतिहास हा बव्हंशीं ही उष्णता कोठें टाकावी, याच विवंचनेचा इतिहास आहे.

त्याचा आरंभ मोटारीपूर्वींचा आहे. इंग्लंडांत हर्बर्ट फ्रूड यानें इ. स. १८९७ च्या सुमारास आपले पहिले प्रयोग केले, ते घोडागाडीच्या चाकांवर दाबावयाच्या ठोकळ्यांवर. मोटार आली तेव्हां दोन कल्पना जवळजवळ एकाच वेळीं पुढें आल्या. इ. स. १९०२ मध्यें फ्रेडरिक लँचेस्टर यानें चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीस दोन्ही बाजूंनीं चिमटींत धरणाऱ्या ब्रेकाचें पेटंट घेतलें. त्याच वर्षीं फ्रान्सांत लुई रेनॉ यानें ड्रमच्या आंतून बाहेर रेटणाऱ्या ब्रेकाची रचना पुढें आणली. लँचेस्टरच्या चिमटींत तांबें होतें. तें कर्कश ओरडे आणि लवकर झिजे. शिवाय त्या वेळचे रस्ते धुळीचे. उघडी तबकडी धूळ खाई, झांकलेला ड्रम ती बाहेर ठेवी. म्हणून ड्रम जिंकला. अमेरिकेंत इ. स. १९२१ मध्यें ड्यूझेनबर्ग गाडीच्या चारही चाकांस तेलाच्या दाबानें चालणारे ब्रेक आले, तेही ड्रमचेच.

ड्रमचा दोष वेग वाढल्यावर उघडा पडला. तापलेला ड्रम फुगतो, म्हणजे आंतील बुटांपासून दूर सरतो. लायनिंगची पकडही उष्णतेनें ढिली होते. आणि बंद पेटींतील उष्णतेस वाट मिळत नाहीं. तबकडी मात्र उघड्या वाऱ्यांत असते, व तापून जाड झाली तर उलट चिमटीच्याच जवळ येते. इ. स. १९५३ मध्यें फ्रान्सांतील ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतींत डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार पहिली आली, आणि इ. स. १९५५ मध्यें सित्रोएन कंपनीनें आपल्या डी. एस. गाडीच्या पुढील चाकांस ते दिले. अर्धशतक मागें पडलेली कल्पना अशी पुढें आली.

आपल्याकडे कुर्ल्यास वालचंद हिराचंद यांनीं इ. स. १९४४ मध्यें स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची फियाट ११००, जिचें पुढें पद्मिनी असें नामकरण झालें, ती व हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर या दोन्ही गाड्या चारही चाकांस ड्रम घेऊनच आल्या. मुंबईंतील पद्मिनी टॅक्सी इ. स. २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून गेली. परंतु हौशी लोकांनीं जपलेल्या गाड्या अद्याप आहेत, आणि त्यांच्यासाठींच हा प्रश्न आहे.

येथें जुनें चाक आपला अधिकार गाजवितें. फियाटचें चाक चौदा इंची, अँबॅसडरचें पंधरा इंची. ड्रम चाकाच्या वाटींत नीट मावतो. तबकडीवर बसणारा कॅलिपर मात्र बाहेर डोकावतो, आणि रिमच्या आंतील कडेस किंवा, तारांचें चाक असेल तर, आऱ्यांस घासूं पाहतो. तबकडी लहान घ्यावी तर पकड कमी. चाक बाहेर काढण्यासाठीं मध्यें चकती घालावी तर बेअरिंगवरील भार वाढतो व स्टिअरिंगचा तोल बिघडतो. शिवाय ड्रमचा एक बूट फिरत्या ड्रमबरोबर आपोआप आंत ओढला जातो व चालकाच्या पायास मदत करतो. तबकडी अशी मदत करीत नाहीं. म्हणून सर्व्हो लागतो, मास्टर सिलिंडर बदलावा लागतो, आणि मागें ड्रमच ठेविले तर पुढच्या-मागच्या दाबाची वांटणी पुन्हां बसवावी लागते. जुनें लायनिंग काढतांना त्याची धूळ फुंकूं नये; तींत अ‍ॅस्बेस्टॉस असतो.

कायदा काय म्हणतो? इ. स. २०२१ च्या नियमांप्रमाणें पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षें लोटलेली, मूळ रूपांत राखलेली आणि सांगाडा, कवच किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. या यादींत ब्रेकाचें नांव नाहीं. परंतु नोंदणीपत्रांतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून निराळा होईल असा बदल मोटार कायद्याच्या ५२ व्या कलमानें मना आहे, हेंही विसरतां येत नाहीं.

जुने ब्रेक राखणाऱ्यांचा पक्ष दुबळा नाहीं. ते म्हणतात, गाडी हा पुरावा आहे. घाटांत खालच्या गिअरमध्यें, दमानें उतरण्याची रीत त्या ड्रमांनींच शिकविली. ते गेले कीं ती रीतही गेली. जी गाडी आपल्या जातींत एकटीच उरली आहे, तिच्या बाबतींत आम्हांस हा युक्तिवाद पूर्ण मान्य आहे. तिनें चिखलदऱ्यास जाऊं नये. परंतु जिच्या बहिणी शेंकड्यांनीं शिल्लक आहेत आणि जिच्यांत मालक आपलीं मुलेंबाळें बसवून घाट उतरतो, तिनें थांबण्याची शक्ति मिळवावी, हाच आमचा कौल आहे. अट एवढीच कीं, मूळ धातूस नवें भोंक पाडूं नये, कोठें जोडकाम करूं नये, आणि उतरविलेले ड्रम, बूट व नळ्या तेल लावून, चिठ्ठी बांधून गाडीबरोबरच ठेवाव्या. कोणता भाग कोणत्या तारखेस, कोणी व कां बदलला, हें एका वहींत लिहावें. रिद्धपूरच्या लेखकांनीं पाठभेद नोंदविले म्हणून आज आपणांस पाठांचा विचार तरी करतां येतो. या गाडीचा पुढचा मालकही ती वही उघडून मूळचे ड्रम पुन्हां चढवावे कीं नाहीं, हें ठरवूं शकेल.